डेल्टाचा माग: एल४५२आर ते संपूर्ण जनुकसंच

२४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की, महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत करोना विषाणूचे दोन बदल एकत्र दिसत आहेत: ई४८४क्यू आणि एल४५२आर. डिसेंबर २०२० च्या मानाने हे प्रमाण वाढलं होतं. माध्यमांनी लगेच ‘डबल म्युटंट’ म्हणून त्याचा गाजावाजा केला. पण पुढच्या दोन महिन्यांत ज्या डेल्टाने देशभर हाहाकार माजवला, त्यात ई४८४क्यू नव्हताच!

हे कसं, ते कळायला थोडं खोलात जावं लागतं. या विषाणूचा जनुकसंच (त्याची सगळी आनुवंशिक माहिती) आरएनएचा, जवळपास ३०,००० अक्षरांचा. नमुन्यातल्या आरएनएपासून आधी डीएनए बनवतात, त्याच्या छोट्या तुकड्यांच्या असंख्य प्रती काढतात, यंत्रावर ते तुकडे वाचतात आणि संगणकावर वुहानच्या मूळ क्रमाशी ताडून पाहतात. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काटेरी (स्पाइक) प्रथिनाच्या ४५२ व्या जागी मूळ विषाणूत सीटीजी ही तीन अक्षरं असतात. तिथे मधल्या टीऐवजी जी आलं की प्रथिनात ल्युसिन (एल) या अमिनो आम्लाच्या जागी आर्जिनिन (आर) बसतं. एल४५२आर म्हणतात तो हाच बदल.

एका घराण्याच्या दोन भावंडांत, बी.१.६१७.१ आणि बी.१.६१७.२ मध्ये, हा बदल होता. प्रथिन जिथे चिरलं जातं, तिथला पी६८१आर हा बदलही दोघांत होता. ई४८४क्यू मात्र पहिल्यातच. २०२१ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात पहिल्याचा जोर होता. मग दुसरं भावंड, म्हणजे डेल्टा, त्याला मागे सारून पुढे गेलं. त्यामुळे ठरावीक दोन बदल शोधत बसलेल्या माणसाला ‘डबल म्युटंट’ ओसरतोय, एवढंच दिसलं असतं. संपूर्ण जनुकसंच वाचण्याला पर्याय नाही, असं मी म्हणतो ते यासाठी.

वाचायला नमुने मात्र हवेत, आणि तेही वेळेवर. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसह दहा प्रयोगशाळांचं ‘इन्साकॉग’ हे जाळं डिसेंबर २०२० मध्ये उभं राहिलं. राज्यांनी बाधितांपैकी ५ टक्के नमुने पाठवावेत, असं ठरलं होतं. पण मार्चमधल्या त्या घोषणेपर्यंत देशभरातून मिळून १०,७८७ नमुनेच हाती आले होते. काही राज्यांतल्या रुग्णवाढीचा या बदलांशी थेट संबंध जोडण्याइतका पुरावा नाही, असं मंत्रालयाने त्याच वेळी सांगितलं. शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबरच होतं, आणि तीच मोठी खंत आहे. विदर्भात रुग्ण फेब्रुवारीतच झपाट्याने वाढत होते. कुठल्या तालुक्यातून, कुठल्या आठवड्यात, कुणाचे नमुने घ्यायचे हे आधीच ठरलेलं असतं, तर तो पुरावा लवकर जमला असता.

ओमायक्रॉनच्या वेळी चित्र बदललं. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं आणि दोनच दिवसांत धोक्याचा इशारा निघाला. तिथे काही आरटी-पीसीआर चाचण्यांत एस जनुकाची, म्हणजे काटेरी प्रथिन घडवणाऱ्या जनुकाची, खूण उमटत नव्हती, कारण नव्या विषाणूत ६९-७० या जागांवरचा तुकडा गळालेला होता. जनुकक्रम वाचायच्या आधीच संशयित नमुने बाजूला काढता येऊ लागले. पण लवकरच बीए.२ हा उपप्रकार आला. त्यात तो तुकडा शाबूत होता, त्यामुळे पीसीआरची ही खूण निरुपयोगी ठरली आणि ओळख पटवायला पुन्हा जनुकक्रमच वाचावा लागला.