गाडी आतून धुताना पाणी शेवटी

पौषात पालच्या खंडोबाला जाऊन आलेली गाडी दार उघडताच ओळखू येते. सीटच्या शिवणीत, बेल्टच्या क्लिपमध्ये, गिअरच्या खोबणीत, जिथं बघाल तिथं भंडारा. घरी आल्यावर उपायही ठरलेला असतो, ओलं फडकं आणि कपड्याची पावडर. मग पिवळे डाग तांबडे होतात आणि सगळे पावडरच्या नावानं बोटं मोडतात.

हळदीला पिवळा रंग येतो कुर्क्युमिनमुळं. आम्लात हा पदार्थ पिवळा राहतो, अल्कात तांबडा होतो, आणि कपड्याची पावडर अल्कधर्मी असते. हळद-चुन्याचं पारंपरिक कुंकू याच गुणावर तयार होतं. डागावर लिंबू पिळलं तर तो परत पिवळा होईल, निघणार मात्र नाही. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून आधी कोरडा भंडारा व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचा. मग पांढऱ्या सुती कापडावर थोडं सर्जिकल स्पिरिट घेऊन डाग टिपायचा. घासलात तर पसरेल. सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी करून बघा, कारण लेदरचा वरचा थर आणि काही प्रकारचं प्लास्टिक स्पिरिटनं खराब होतं. दारं उघडी ठेवा आणि विडी-सिगारेट लांब, स्पिरिटची वाफ पेट घेते.

एवढं करूनही फिकट डाग राहिला तर गाडी उन्हात लावा. कुर्क्युमिन जांभळा-निळा प्रकाश शोषतं, म्हणून तर ते पिवळं दिसतं. आणि त्याच प्रकाशानं त्याचे रेणू हळूहळू तुटतात. काच अतिनील किरण बऱ्याच अंशी अडवते, निळा प्रकाश अडवत नाही. त्यामुळं काचा बंद असल्या तरी काम होतं.

काळ्या मातीची गोष्ट वेगळी. कृष्णाकाठच्या उसाच्या रानातून आलेले चपलांचे ठसे ओले असतानाच पुसायचा मोह होतो. ही माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण 0.002 मिलिमीटरपेक्षा बारीक, आणि पाणी त्यांच्या थरांमध्ये शिरलं की ते फुगतात. रान उन्हाळ्यात भेगाळतं आणि पावसात चिकट होतं ते यामुळंच. ओल्या फडक्यानं आपण हा चिखल गालिच्याच्या धाग्यांत आणखी खोल दाबतो. त्यापेक्षा वाळू द्या, ताठ ब्रशनं मोकळा करा, मग व्हॅक्यूम. दूध सांडलं असेल तर मात्र थांबू नका, लगेच थंड पाण्यानं टिपा. गरम पाण्यानं त्यातली प्रथिनं धाग्याला आणखी घट्ट बसतात.

शेवटी पाणी, तेही बेतानं. वॉशिंग सेंटरवर सीटवर भरपूर फेस मारलेला पाहून गिऱ्हाईक खूश होतं, मला मात्र धडकी भरते. सीटखाली एअरबॅगच्या वायरींचे जोड असतात. गालिच्याखाली फोम किंवा नमदा असतो, तो पाणी धरून ठेवतो, आणि वरून हात लावला तर सगळं कोरडं लागतं. एक-दोन दिवस ओल राहिली की बुरशी धरते. आरशाला लटकवलेलं अत्तर त्या बुरशीचं काहीच करत नाही, वासावर वास चढवतं.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माणदेशात 500 च्या आसपास. माणात काचा खाली करून ठेवल्या की गाडी सुकते. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात काचा उघडल्या तर बाहेरचा दमटपणाच आत येईल. तिथं उलटं करावं लागतं. गाडी उघड्यावर उभी करा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. काचा बंद, एसी चालू, आतलीच हवा फिरवणारं बटण दाबलेलं, आणि तापमान गरमकडं. एसीच्या थंड कॉइलवर हवेतली वाफ जमते आणि गाडीखाली ठिबकते. ते पाणी सीट आणि गालिच्यातून आलेलं असतं. गाडी बंद करण्याआधी काही मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालवा, म्हणजे कॉइलही सुकेल. एसी लावल्या लावल्या येणारा कुबट वास बहुतेक वेळा तिथूनच येतो.