मानसिक आजाराच्या गोळ्या ऑनलाइन पुन्हा मिळवायच्या असतील तर: पात्रता, कागदपत्रे आणि चिठ्ठीवरची एक ओळ

गौरी-गणपतीला आम्ही कोकणात गावी गेलो होतो आणि तिसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या भावाच्या लिथियमच्या (मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या) गोळ्या संपल्या. पुण्याहून निघताना पट्ट्या मोजायच्या राहिल्या होत्या. बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये मी मोबाईलवर चिठ्ठीचा फोटो दाखवला. दुकानदाराने तो मोठा करून पाहिला, डॉक्टरांच्या सहीच्या वर उमटलेल्या निळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ताई, ही एका महिन्याची चिठ्ठी आहे आणि तुमच्याकडच्या दुकानाने ती देऊन टाकली आहे. हिच्यावर मला पुन्हा देता येणार नाही." तेव्हा मला त्याचा फार राग आला. घरी येऊन नियम वाचले, तेव्हा कळलं की त्याचं बरोबर होतं. संध्याकाळी भावाचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर भेटले, त्यांनी नवी चिठ्ठी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दुकानातून गोळ्या मिळाल्या. पण मधल्या दोन रात्री भाऊ झोपला नव्हता.

तुमच्या घरात अशी रात्र येऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी नियम काय म्हणतो

आपण ज्याला 'रिफिल' म्हणतो, म्हणजे त्याच चिठ्ठीवर पुन्हा गोळ्या घेणं, त्याचं मूळ औषधे नियम, १९४५ मधल्या नियम ६५ मध्ये आहे. नैराश्य, चिंता, स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांवरची बहुतेक औषधं 'शेड्यूल एच'मध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. अशी चिठ्ठी एकदाच वापरता येते. ती पुन्हा वापरता यावी असं डॉक्टरांनी स्वतः चिठ्ठीवर लिहिलं असेल, तरच दुकानदार दुसऱ्यांदा गोळ्या देऊ शकतो. किती वेळा किंवा किती दिवसांनी द्यायच्या हे लिहिलं असेल, तर तेवढ्याच वेळा आणि त्याच अंतराने. गोळ्या देताना दुकानदाराने आपलं नाव, पत्ता आणि तारीख डॉक्टरांच्या सहीच्या वर नोंदवायची असते. तो निळा शिक्का म्हणजे हीच नोंद.

त्यामुळे ऑनलाइन असो की समोरासमोर, तपासणी संपण्याआधी डॉक्टरांना एवढंच सांगा: "डॉक्टर, ही चिठ्ठी तीन वेळा, दर महिन्याला चालेल असं लिहून द्याल का?" तब्येत स्थिर असेल तर बरेच डॉक्टर लिहून देतात. ती एक ओळ असेल तर पुढचे तीन महिने गोळ्या मेडिकलमधूनच मिळत राहतात, दर वेळी नव्या चिठ्ठीसाठी खटपट करावी लागत नाही. चिठ्ठीवर रुग्णाचं नाव-पत्ता, तारीख, गोळ्यांची एकूण संख्या, डोस आणि डॉक्टरांची सही असायलाच हवी. यातलं काही राहिलं असेल तर कॉल चालू असतानाच दुरुस्त करून घ्या.

ऑनलाइन कोणाला चालतं

मोबाईलवरून तपासणीला आधार आहे तो २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांचा. मानसोपचारासाठी त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने इंडियन सायकियाट्रिक सोसायटी आणि टेलिमेडिसिन सोसायटी ऑफ इंडिया यांच्याबरोबर वेगळी पुस्तिकाही काढली. या तत्त्वांतली 'फॉलो-अप'ची व्याख्या नीट समजून घ्यायला हवी, कारण पात्रता तिच्यावरच ठरते.

रुग्णाने त्याच डॉक्टरांना गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष भेटून दाखवलेलं असेल आणि आता त्याच आजारासाठी बोलत असेल, तर तो फॉलो-अप. सहा महिने उलटून गेले असतील, त्या आजारात न बसणारी नवी लक्षणं आली असतील, किंवा आधी काय उपचार दिले होते हे डॉक्टरांनाच आठवत नसेल, तर तो फॉलो-अप धरत नाहीत. मग ती पहिली भेट ठरते. पहिल्या भेटीत औषध लिहायचं तर व्हिडिओ लागतो, आणि औषधंही तुलनेने सुरक्षित अशा ठरावीक यादीतलीच लिहिता येतात. म्हणून वर्षातून किमान दोनदा तरी दवाखान्यात प्रत्यक्ष जाऊन या. मधल्या भेटी ऑनलाइन करायला मग अडचण येत नाही.

चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत डॉक्टरांना आहे. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ यांचा आधार मोठा असतो, पण ते गोळ्या लिहून देऊ शकत नाहीत. ऑनलाइन चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असतो. नव्या माणसाकडून चिठ्ठी घेत असाल तर तो क्रमांक वैद्यक परिषदेच्या यादीत तपासून पाहा.

कोणत्या गोळ्यांना अडतं

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटिन यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या, किंवा चालू असलेलं ओलान्झापिन, रिस्पेरिडोन फॉलो-अपमध्ये ऑनलाइन पुन्हा लिहून मिळायला सहसा अडचण येत नाही. पण 'शेड्यूल एक्स'मधली (जास्त कडक नियंत्रणाच्या यादीतली) औषधं आणि अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याच्या यादीतली औषधं ऑनलाइन लिहायला मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. मुलांच्या एडीएचडीसाठी (लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा) दिलं जाणारं मिथाईलफेनिडेट 'शेड्यूल एक्स'मध्ये येतं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षं स्वतःकडे ठेवतो. ज्या आई-वडिलांच्या मुलाला ही गोळी चालू आहे, त्यांनी ऑनलाइनवर विसंबून राहू नये. दर वेळी दवाखान्यात जायचं हे धरूनच शाळेचं आणि सुट्ट्यांचं गणित मांडावं.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या अमली पदार्थांच्या यादीत आहेत आणि 'शेड्यूल एच१'मध्येही. हे शेड्यूल १ मार्च २०१४ पासून लागू आहे. या गोळ्या विकताना दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते, आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. म्हणून मेडिकलवाला नाव विचारतो, चिठ्ठीचा फोटो काढतो. त्याला तुमच्या घरातलं काही जाणून घ्यायचं नसतं, वहीत नोंद करायची असते. या गटातल्या मोजक्या गोळ्यांना नंतर सवलत मिळाली आहे. तुमची गोळी त्यात बसते का, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

कागदपत्रं

कॉलच्या आदल्या दिवशी हे सगळं मोबाईलमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा: शेवटची चिठ्ठी (तारीख आणि शिक्के दिसतील अशी), आधी दाखल झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड, आधार किंवा दुसरं कुठलंही ओळखपत्र, आणि सध्या चालू असलेल्या प्रत्येक गोळीच्या पट्टीचा मागच्या बाजूने काढलेला फोटो. पट्टीचा फोटो फार कामाचा असतो. भावाच्या चिठ्ठीवर एका औषधाचा आकडा ५ आहे की १५ हे कोणालाच कळत नव्हतं, पट्टीच्या मागच्या छापील मिलिग्रॅमवरून ते लगेच कळलं. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचेही फोटो ठेवा. वजनही सांगा, कारण ओलान्झापिनसारख्या औषधांनी ते वाढतं आणि डॉक्टर ते विचारतातच. आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा, १४ अंकी) असेल तर जोडा, नसेल म्हणून काम अडत नाही.

लिथियम चालू असेल तर रक्तातली लिथियमची पातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइड यांचे ताजे रिपोर्ट लागतील. पातळीसाठी रक्त शेवटची गोळी घेतल्यावर साधारण बारा तासांनी द्यायचं असतं. म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि पहिला रिपोर्ट वाया गेला. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध) चालू असेल तर पांढऱ्या पेशींची तपासणी वेळच्या वेळी हवी. तो रिपोर्ट पाहिल्याशिवाय डॉक्टर पुढच्या गोळ्या लिहिणार नाहीत, आणि लिहूही नयेत.

रुग्णाच्या वतीने कुटुंबीय बोलणार असतील तर नातं दाखवणारा कागद ठेवा, किंवा आधीच्या प्रत्यक्ष भेटीत रुग्णाने डॉक्टरांसमोर "माझ्या वतीने ताई बोलेल" असं सांगून ठेवलेलं असू दे. १६ वर्षं किंवा त्याखालचं मूल असेल, किंवा स्मृतिभ्रंशासारखा आजार असेल, तर काळजी घेणाऱ्याला तो अधिकार असतोच.

प्रत्यक्ष प्रक्रिया

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे तुमचेच डॉक्टर. गोळ्या संपायच्या दहा दिवस आधी दवाखान्यात फोन करून ऑनलाइन वेळ घ्या. कॉलवर डॉक्टर नाव, वय, पत्ता विचारून ओळख पटवतील. कॉल तुम्ही केला असेल तर तुमची संमती त्यातच धरली जाते. चिठ्ठी सहीच्या फोटोच्या स्वरूपात किंवा ई-प्रिस्क्रिप्शन म्हणून व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर येते. दवाखाना ती परस्पर एखाद्या दुकानाला पाठवणार असेल तर आधी तुमची स्पष्ट परवानगी घ्यावी लागते, आणि दुकान कुठलं हे तुम्ही ठरवायचं असतं.

डॉक्टर परगावी असतील किंवा फी परवडत नसेल तर ई-संजीवनी ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे. वेबसाइट किंवा ॲपवर मोबाईल क्रमांक टाका, ओटीपी येतो, मग रुग्णाची नोंदणी करा, रिपोर्ट आणि जुनी चिठ्ठी अपलोड करा, आपल्या राज्याची ओपीडी निवडा आणि टोकन घ्या. नंबर लागला की व्हिडिओवर डॉक्टर येतात आणि शेवटी ई-प्रिस्क्रिप्शन डाउनलोड होतं. पण तिथले डॉक्टर तुम्हाला ओळखत नसतात, म्हणून ती तुमची पहिलीच भेट ठरते. जुनी चिठ्ठी अपलोड केली नसेल तर ते नुसत्या तोंडी सांगण्यावर गोळ्या लिहायला कचरतात, आणि ते योग्यच आहे. नेट कमी असेल तर घराच्या त्या कोपऱ्यात बसा जिथे रेंज येते. आवाज तुटला की डोसचा आकडा चुकू शकतो.

मेडिकलमध्ये चिठ्ठी दिल्यावर पट्टी नीट पाहून घ्या. चिठ्ठीत लिहिलंय त्याऐवजी दुसरं औषध देण्याची दुकानदाराला परवानगी नाही. "हीच आहे, फक्त कंपनी वेगळी" असं कोणी म्हटलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. जनऔषधी केंद्रातून स्वस्तात घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा.

आणि एक विनंती. चिठ्ठीचा फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकू नका. आजाराची माहिती गोपनीय राहणं हा रुग्णाचा हक्क आहे, तो मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दिला आहे. फोटो ज्याला गोळ्या आणायच्या आहेत त्या एकट्यालाच पाठवा.

मोफत गोळ्या

याच कायद्यानुसार अत्यावश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं सरकारी दवाखान्यांत, ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व ठिकाणी, मोफत मिळायला हवीत. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार ओपीडी असते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. महिनाभराच्या इंजेक्शनवर असलेल्यांना तर ऑनलाइनचा काही उपयोग नाही, त्यांनी ओपीडीची तारीख पाळावी.

परदेशात असाल तर

आपली टेलिमेडिसिन तत्त्वं भारताबाहेरच्या तपासणीला लागू नाहीत. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून पुण्याच्या डॉक्टरांकडून घेतलेली ऑनलाइन चिठ्ठी तिथल्या दुकानात चालेल हे धरून चालू नका. तिकडे पोचल्यावर लगेच तिथले डॉक्टर गाठा. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित गोळ्या सोबत न्यायच्या असतील तर तिथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते.

ऑनलाइनवर थांबू नये असं केव्हा

जीव नकोसा वाटतो असं रुग्ण बोलत असेल, दोन-तीन रात्री झोप नसेल, हात थरथरून उलट्या-जुलाब होत असतील (लिथियमवर असणाऱ्यांनी हे फार गांभीर्याने घ्यावं), किंवा गरोदरपणाची शंका असेल, तर रिफिलची वाट पाहू नका, जवळच्या रुग्णालयात जा.

आणि गोळ्या संपल्याच, डॉक्टरही मिळत नसले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. गोळ्या संपल्यात, कोणत्या आणि किती मिलिग्रॅम, शेवटची कधी घेतली, हे सांगा. उरलेल्या गोळ्या अर्ध्या करून पुरवत बसू नका. झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या एकदम थांबल्या तर फिट येऊ शकते. व्हेनलाफॅक्सिन, पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या एकदम बंद झाल्यावर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटतं. ते आजार परतल्याचं लक्षण नसतं, गोळी चुकल्याचं असतं, हे घरच्यांना माहीत असलेलं बरं.

आमच्या फ्रिजवर आता एक कॅलेंडर आहे. नवी पट्टी उघडली की आई ती कधी संपणार ती तारीख मोजते आणि त्याच्या दहा दिवस आधीच्या चौकटीत लाल पेनाने लिहिते: 'फोन'.