फुकटच्या वाय-फायने खातं रिकामं होतं का?

‘बसस्थानकावरच्या नगरपालिकेच्या फुकट वाय-फायला फोन जोडला की बँक खातं साफ होतं’, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे.

ही भीती निराधार नव्हती. 2010च्या सुमारास अनेक संकेतस्थळं लॉगिननंतरची माहिती उघडीच पाठवत आणि त्याच वाय-फायवर बसलेल्याला ती वाचता येई. आज बँकेचं अ‍ॅप किंवा संकेतस्थळ आणि तुमचा फोन यांच्यातली माहिती कुलूपबंद, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात जाते. वाय-फाय हा फक्त रस्ता. रस्त्यावरच्याला तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात हे बहुधा कळतं, पासवर्ड किंवा पिन नाही.

पडताळायचं असेल तर ब्राउझरमधला पूर्ण पत्ता उघडा. सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ (https), म्हणजे या कुलपाची खूण हवी, आणि पुढचं नाव अक्षर न् अक्षर बरोबर हवं. खोट्या पानालाही कुलूप मिळतं, म्हणून नाव वाचणं जास्त महत्त्वाचं. ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा आला तर तिथेच थांबा.

खरा धोका मिळत्याजुळत्या नावाच्या बनावट वाय-फायचा, कारण ते खोटं पान दाखवून तुमच्याकडूनच माहिती भरून घेऊ शकतं. नेटवर्कचं नेमकं नाव तिथल्या फलकावर पाहा. आपल्याकडे सार्वजनिक वाय-फायसाठी मोबाईल क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी मागतात, ते नेहमीचंच. पण तो ओटीपी वाय-फायसाठीच आहे ना, हे मेसेजमध्ये वाचून घ्या. कार्डाचा क्रमांक किंवा यूपीआय पिन मात्र फुकट सेवेला लागतच नाही.

घरी इंटरनेट नसलेली मुलं याच वाय-फायवर परीक्षेचे अर्ज भरतात, म्हणून हे सविस्तर लिहिलं.