क्वांट फायनान्सच्या अभ्यासक्रमांची क्रमवारी : पार्श्वभूमी

शिवाजी विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेला किंवा कोल्हापूर-सांगलीच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला विद्यार्थी क्वांटिटेटिव्ह फायनान्सकडे (थोडक्यात क्वांट फायनान्स, म्हणजे गणित व संख्याशास्त्राच्या आधारे वित्तबाजारातल्या किमती आणि जोखीम मोजण्याचे शास्त्र) वळायचे ठरवतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा आधी पडते ती अमेरिकी अभ्यासक्रमांची क्रमवारी. पहिल्या दहांत कोण आहे, एवढे पाहून शैक्षणिक कर्जाची गणिते मांडली जातात. हे अभ्यासक्रम मात्र एका घराण्यातले नाहीत, आणि त्यांची कुळकथा ठाऊक नसेल तर क्रमांकावरून फारसे काही कळत नाही.

वायद्याचा व्यवहार आपल्याकडे नवा नाही. हरिपूरच्या पेवांत साठवलेली हळद आणि सांगलीच्या बाजारातले तिचे वायदे या भागातल्या जुन्या व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक आहेत. नवे होते ते अशा करारांच्या किमतीचे गणित. पॅरिसमध्ये लुई बाशलिए यांनी १९०० साली सट्टेबाजीच्या सिद्धांतावर प्रबंध लिहिला, पण अर्थशास्त्रज्ञांचे त्याकडे अनेक दशके लक्ष गेले नाही. एप्रिल १९७३ मध्ये शिकागोत ऑप्शनचा, म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क देणाऱ्या कराराचा, संघटित बाजार उघडला आणि त्याच वर्षी फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांचा, तसेच रॉबर्ट मर्टन यांचा, ऑप्शनच्या किमतीवरील लेख प्रसिद्ध झाला. वाणिज्य शाखेच्या माणसांनी चालवलेल्या या धंद्यात आता आंशिक विकलक समीकरणे आणि संभाव्यताशास्त्र जाणणाऱ्यांची गरज भासू लागली. शोल्स व मर्टन यांना १९९७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्लॅक यांचे त्याआधी, १९९५ मध्ये, निधन झाले होते.

सुरुवातीला बँकांनी ही माणसे भौतिकशास्त्र आणि गणिताच्या पीएच.डी.धारकांतून उचलली. टेक्सासमधला महाकाय कणत्वरकाचा प्रकल्प अमेरिकी काँग्रेसने ऑक्टोबर १९९३ मध्ये रद्द केला, तेव्हा कितीतरी भौतिकशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या बँकांकडे वळले. परंतु पाच-सहा वर्षांच्या संशोधनानंतर माणूस घेऊन त्याला पुन्हा बाजार शिकवणे महागडे होते, म्हणून दीड-दोन वर्षांची थेट पदवी आकाराला आली. पॅरिसमध्ये नीकोल एल कारुई यांच्या पुढाकाराने १९९० साली असा अभ्यासक्रम सुरू झाला होता. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९४ साली आपला अभ्यासक्रम काढला, त्यानंतर शिकागो विद्यापीठ आणि न्यूयॉर्क विद्यापीठाची कूरां संस्था आली, बर्कलेचा अभ्यासक्रम २००१ साली आणि न्यूयॉर्कच्या बारूक महाविद्यालयाचा २००२ साली सुरू झाला.

इथेच फाटे फुटले. काही अभ्यासक्रम गणित विभागांनी काढले, काही व्यवस्थापन संस्थांनी, काही अभियांत्रिकीच्या शाखांनी. कोलंबियाचेच पाहा : गणित विभागाचा एक अभ्यासक्रम आणि औद्योगिक अभियांत्रिकी विभागाचा दुसरा, असे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम एकाच विद्यापीठात चालतात, आणि त्यांचे विद्यार्थी, विषय व प्रवेशाच्या अटी वेगळ्या असतात. नुसते विद्यापीठाचे नाव पाहून अर्ज करणारा इथे फसतो.

व्यवस्थापन संस्थांच्या क्रमवाऱ्या जुन्याच होत्या, पण या छोट्या अभ्यासक्रमांना त्यांत जागा नव्हती. ती उणीव क्वांटनेट या संकेतस्थळासारख्यांच्या खास याद्यांनी भरून काढली. विद्यार्थ्यांना मिळालेल्या नोकऱ्या आणि पगार, प्रवेशातली निवड किती कडक आहे, आणि इतर अभ्यासक्रमांचे चालक काय मत देतात, यांवर क्वांटनेटची यादी मुख्यतः उभी आहे. या याद्यांचे श्रेयही मान्य केले पाहिजे. सरकारी अनुदानावर चालणारे, शुल्क तुलनेने कमी असलेले बारूक महाविद्यालय प्रिन्स्टनच्या बरोबरीने वरच्या स्थानावर दिसू लागले, ते नावाच्या वलयाऐवजी नोकऱ्या मोजल्यामुळेच.

तरीही आकडा कशाचा, हे तपासावेच लागते. समजा, एका तुकडीतून चाळीस जण उत्तीर्ण झाले, त्यांतल्या तीस जणांनी नोकरी शोधत असल्याचे कळवले आणि सत्तावीस जणांना ती मिळाली. हाच निकाल नव्वद टक्के म्हणून छापता येतो आणि साडेसदुसष्ट टक्के म्हणूनही. भागाकारात खाली कोणता आकडा घेतला, आणि मोजणी पदवीच्या दिवशीची की तीन महिन्यांनंतरची, हे अहवालाच्या तळटिपेत असते, आणि माझ्या मते क्रमांकापेक्षा ती तळटीप अधिक मोलाची आहे. निवडीच्या निकषाचेही तसेच. वरच्या क्रमांकामुळे अर्ज वाढतात, अर्ज वाढल्याने प्रवेशाचे प्रमाण घटते, आणि घटलेल्या प्रमाणामुळे पुन्हा क्रमांक वर जातो. जीआरई या प्रवेश परीक्षेच्या गणित विभागात कमाल गुण १७०. वरच्या सर्वच ठिकाणी विद्यार्थी त्या मर्यादेला टेकलेले असल्याने त्यावरून फरक कळत नाही.

भारतीय अर्जदारांसाठी आणखी एक गोष्ट निर्णायक ठरली. विज्ञान-तंत्रज्ञान वर्गात मोडणारी पदवी घेतल्यास शिक्षणानंतर अमेरिकेत काम करण्याच्या एका वर्षाच्या परवानगीत २०१६ पासून आणखी २४ महिन्यांची भर पडू शकते. पदवीची नोंद कोणत्या वर्गात आहे, हे क्रमवारीच्या बेरजेत येत नाही. झुरिकच्या दोन विद्यापीठांचा संयुक्त अभ्यासक्रम, ऑक्सफर्ड किंवा पॅरिस हेही अमेरिकी यादीत नसतात; त्यामुळे ते कमी दर्जाचे आहेत, हा आपल्याकडचा समज निराधार आहे.

भारतात शेअर निर्देशांकाचे वायदे जून २००० मध्ये सुरू झाले, म्हणजे मागणी उशिरा आली. गणिताची परंपरा मात्र आधीची आहे. कोल्हापुरात १९१९ साली जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हेरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली संशोधन करून परतले आणि पुणे विद्यापीठात १९५३ साली सुरू झालेल्या संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. केंद्र सरकारची २०१६ पासूनची एनआयआरएफ क्रमवारी संस्थांची आणि मोठ्या विद्याशाखांची आहे. क्वांट फायनान्सचा वेगळा वर्ग तिच्यात नाही. शिवाय मुंबईतल्या ट्रेडिंग कंपन्या आयआयटीतून बी.टेक. झालेल्यांना आणि भारतीय सांख्यिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांना थेट घेतात, त्यामुळे इथे या कामासाठी अमेरिकेसारखी स्वतंत्र पदवी अनिवार्य झालेली नाही.