कुत्र्या-मांजरांची सोनोग्राफी

कुत्र्या-मांजरांची सोनोग्राफी म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी जनावराच्या अंगात सोडायच्या, त्या आतल्या अवयवांवर आपटून परत आल्या की त्यावरून मशीन पडद्यावर आतलं चित्र काढतं, अशी तपासणी. माणसांची होते तीच ही, तत्त्व तेच, जेल तेच, फक्त इथे पेशंट कुठं दुखतंय ते सांगू शकत नाही म्हणून या चित्राची किंमत अजून वाढते. नागपुरात सगळे सोनोग्राफीच म्हणतात, रिपोर्टवर यूएसजी (अल्ट्रासोनोग्राफी) लिहिलेलं असतं, आणि हृदयाची केली तर तिला इको म्हणतात.

प्रोबमध्ये, म्हणजे जनावराच्या अंगावर टेकवून फिरवतात त्या भागात, खास स्फटिक असतात, त्यांना वीज दिली की ते थरथरतात आणि त्यांना दाबलं-थरथरवलं की वीज देतात. यातला दाबलं की वीज देण्याचा गुण १८८० मध्ये फ्रान्सच्या पिएर आणि जाक क्यूरी या दोघा भावांनी दाखवला होता. लहरी मऊ मांसातून सेकंदाला साधारण १५४० मीटर जातात, परत यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन खोली काढतं. पाणी, लघवी, पातळ रक्त पडद्यावर काळं दिसतं, खडा किंवा हाड पांढरंशुभ्र दिसतं आणि त्याच्या मागे काळी सावली पडते, बाकी सगळं राखाडीच्या वेगवेगळ्या छटांमध्ये. डॉक्टर लोक या छटाच वाचतात. कुत्र्यात साधारणपणे पानथरी (स्प्लीन) सगळ्यात उजळ, लिव्हर तिच्यापेक्षा काळपट, आणि किडनीची बाहेरची साल लिव्हरइतकी किंवा अजून काळपट, हा क्रम उलटा झाला की कुठंतरी गडबड आहे असं समजतात. मांजरात मात्र किडनीत चरबी साठून ती तशीच उजळ दिसू शकते म्हणून कुत्र्याचा नियम मांजराला जसाच्या तसा लावून चालत नाही.

हवा ही सोनोग्राफीची दुश्मन, लहर हवेला लागली की तिथूनच परत फिरते. केस ट्रिमरने काढतात ते यासाठीच, केसांमध्ये हवा अडकलेली असते आणि कितीही जेल लावलं तरी चित्र भुरकट येतं. लहरींची वारंवारता जितकी जास्त तितकं बारीक दिसतं पण तितकं खोल जात नाही, त्यामुळे मांजर किंवा छोट्या पॉमेरेनियनला ७.५ ते १२ मेगाहर्ट्झचा प्रोब आणि भरलेल्या लॅब्राडोरला ५ च्या आसपासचा किंवा त्याहून कमीचा. पुष्कळ लोक विचारतात की कुत्र्याला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं तर त्याला या आवाजाचा त्रास होत असेल का. नाही होत. कुत्र्याला ऐकू येतं ते साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंत, मांजराला ६४,००० च्या आसपास, आणि ५ मेगाहर्ट्झ म्हणजे ५० लाख हर्ट्झ, त्यांच्या कानाच्या कितीतरी पलीकडे. एक्स-रेसारखी किरणंही यात नसतात, म्हणून गाभण कुत्रीवर पुन्हापुन्हा केली तरी चालते.

जनावरांवर सुरुवातीच्या वापरातला एक नोंदलेला वापर १९६६ चा आहे, मेंढी गाभण आहे का बघण्यासाठी. कुत्र्या-मांजरांपर्यंत हे रोजच्या दवाखान्यात यायला बरीच वर्षं गेली.

नागपुरात कशासाठी करावी लागते

सगळ्यात आधी गर्भाच्या पिशवीत पू होणं, पायोमेट्रा. नसबंदी न केलेली कुत्री हीटवरून (माजावरून) गेली की त्यानंतर साधारण ४ ते ८ आठवड्यांनी हे होतं. ती पाणी खूप पिते, लघवी खूप करते, खाणं सोडते, सुस्त पडते, कधी मागून घाण येते आणि कधी काहीच येत नाही, आणि काहीच येत नाही तो प्रकार जास्त धोक्याचा कारण पू आतच तुंबतो आणि पिशवी फुटू शकते. निरोगी पिशवी सोनोग्राफीत शोधूनही नीट सापडत नाही इतकी बारीक असते, पू झाला की लघवीच्या पिशवीच्या आजूबाजूला जाड काळ्या-राखाडी नळ्या दिसतात, आणि अनुभवी डॉक्टरला ते ओळखायला फार वेळ लागत नाही. इलाज बहुतेक वेळा ऑपरेशनच, पिशवी काढून टाकायची. हे पोटतिडकीने लिहितोय कारण आमच्या घरच्या कुत्रीला दोन दिवस गॅसचं औषध चालू होतं, पोट फुगलंय म्हणून, आणि तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत पू दिसला. वाचली ती, पण ते दोन दिवस फुकट गेले हे डोक्यातून जात नाही. हीट कधी होऊन गेली ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि डॉक्टरला आधी तीच सांगा.

दुसरं गोचिडताप. नागपूरच्या उन्हात आणि मग पावसाळ्यात गोचिड्यांची काही कमी नसते, आणि त्यांच्यातून एर्लिकिया, बबेसिया हे जंतू अंगात जातात. ताप, भूक बंद, नाकातून रक्त, प्लेटलेट खाली. अशा कुत्र्याची पानथरी सोनोग्राफीत बरेचदा मोठी दिसते. पण हे नीट समजून घ्यायला पाहिजे की पानथरी मोठी म्हणजे गोचिडताप असं होत नाही, जनावर शांत राहावं म्हणून दिलेल्या काही औषधांनीसुद्धा ती फुगते, गाठ असली तरी फुगते. गोचिडतापाचं निदान रक्ताच्या तपासणीवर होतं, सोनोग्राफी सोबतीला असते.

लघवीच्या खड्यांसाठी तर ही तपासणी फार कामाची. काही खडे, जसे युरेटचे, एक्स-रेत दिसतच नाहीत, सोनोग्राफीत दिसतात, आणि लघवीच्या पिशवीची सूज, आतला गाळ, किडनीपर्यंत लघवी तुंबली का तेही कळतं. बोक्याचं मात्र वेगळं आहे बरं. बोका पुन्हापुन्हा लघवीला बसतो, ओरडतो, आणि थेंब येत नाही, तर सोनोग्राफीची अपॉइंटमेंट शोधत बसू नका, सरळ दवाखाना गाठा, आधी लघवी मोकळी करावी लागते. एक-दोन दिवसांत रक्तात पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. आणि लोक याला बद्धकोष्ठ समजतात, कारण बसायची पद्धत तशीच दिसते.

मग गिळलेल्या वस्तू. आंब्याची कोय, भुट्ट्याचा दांडा, सावजी मटणाचं हाड, मोजा, बॉल. भुट्ट्याच्या दांड्यामागे सावली पडते आणि त्याच्या अलीकडचं आतडं पाण्याने फुगलेलं दिसतं. मांजरांचं दुखणं म्हणजे दोरा. संक्रांतीच्या दिवसांत नागपुरात घराघरांच्या गच्चीवर मांजा पडलेला असतो, शिलाईचा दोराही चालतो त्यांना, आणि मांजराची जीभ खरखरीत, काटे आतल्या बाजूला वळलेले, तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणं तिला जमत नाही. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं आणि बाकीचा दोरा पुढे सरकत राहतो, मग पायजम्याच्या नाडीवर कापड गोळा होतं तसं आतडं दोऱ्यावर चुण्या होऊन गोळा होतं. सोनोग्राफीत या चुण्या दिसतात. तोंडातून किंवा मागून दोरा लटकताना दिसला तर कधीच ओढू नका, आत आतडं कापलं जातं.

पार्वो (उलट्या-जुलाबाचा विषाणूचा आजार) झालेल्या किंवा जंत भरलेल्या पिल्लांमध्ये आतडं आतड्यात घुसतं, ते आडवं पाहिलं की कापलेल्या कांद्यासारखे एकात एक गोल दिसतात.

पर्शियन मांजरं आता नागपुरात घरोघरी दिसतात आणि या जातीत किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, आई किंवा बाप एकाकडून जीन आला तरी पुरतो. सोनोग्राफीत या गाठी काळ्या गोल फुग्यांसारख्या दिसतात. अगदी लहान पिल्लात चुकू शकतात, १० महिन्यांनंतर केलेली जास्त भरवशाची. ज्यांना पर्शियनची पिल्लं काढायचीच आहेत त्यांनी आधी दोघांची करून घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे, पुढच्या चार-पाच पिल्लांचं आयुष्य त्यावर असतं.

गाभण आहे का हे बघायला लोक फार लवकर येतात. कुत्रीत साधारण २५ व्या दिवसापासून नीट कळतं, त्याच सुमारास हृदयाचे ठोकेही दिसायला लागतात, गर्भारपण ६३ दिवसांच्या आसपास. पिल्लं किती आहेत हा प्रश्न पहिला विचारतात आणि सोनोग्राफी नेमकं तेच नीट सांगू शकत नाही, एकच पिल्लू दोनदा मोजलं जातं नाहीतर एखादं दुसऱ्याच्या मागे लपतं. मोजायचंच असेल तर ५५ व्या दिवसानंतर एक्स-रे, तेव्हा हाडं दिसतात. सोनोग्राफीचा खरा उपयोग पिल्लं जिवंत आहेत का, कशी आहेत हे बघायला. ठोके मिनिटाला २०० च्या वर असले तर बरं, बाळंतपणाच्या वेळी १८० च्या खाली यायला लागले तर पिल्लू अडचणीत आहे आणि सिझेरियनचा निर्णय घ्यायची वेळ आली.

हृदयाचा इको हा वेगळा अभ्यास आहे, तो सगळ्यांना येत नाही. डोबरमनमध्ये हृदय पातळ होऊन फुगतं, म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांमध्ये झडप गळते आणि खोकला सुरू होतो, मांजरांमध्ये उलट हृदयाची भिंत जाड होते, ६ मिलिमीटरच्या वर गेली की आजार धरतात.

ॲक्सिडेंट झालेल्या जनावरासाठी फास्ट नावाची झटपट सोनोग्राफी आहे. रिंग रोडवर गाडीने उडवलेलं कुत्रं बाहेरून धड दिसतं, खरचटलेलं फक्त, आणि आत पोटात रक्त साचत असतं. यात पूर्ण पोट बघत बसत नाहीत, चार ठरलेल्या जागी प्रोब ठेवून काळं पाणी दिसतं का एवढंच बघतात, काही मिनिटांचं काम. गाडीखाली आलेल्या कुत्र्यांवरचा यावरचा अभ्यास २००४ मध्ये अमेरिकेत छापून आला आणि त्यानंतर ही पद्धत इमर्जन्सीत सगळीकडे पसरली. कुत्र्याला उताणं करायचीही गरज नाही, कुशीवरच करतात, कारण दम लागलेल्या जनावराला उताणं केलं तर तिथेच जीव जाऊ शकतो.

काय कळत नाही

सोनोग्राफी अवयव दिसतो कसा ते सांगते, चालतो कसा ते नाही. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असून किडनी चित्रात ठीकठाक दिसू शकते, लिव्हरचे एन्झाइम वर असून लिव्हर नॉर्मल दिसू शकतं, म्हणून रक्ताचा रिपोर्ट सोबत नेला नाही तर अर्धीच गोष्ट कळते. पानथरीवर गाठ दिसली तर ती साधी की कॅन्सरची हे नुसतं बघून सांगता येत नाही, सुईने पेशी घ्याव्या लागतात किंवा तुकडा तपासावा लागतो. म्हाताऱ्या मांजराचं आतडं जाड दिसलं तर ती जुनी सूज आहे की लिम्फोमा नावाचा कॅन्सर, हेही तसंच. कितीतरी लोक पडद्यावर गाठ पाहून घरी जातात आणि जनावराचं खाणंपिणं, औषध सगळं सोडून देतात, आता काय राहिलं म्हणून. असं करू नका. काही गाठी साध्या निघतात, ऑपरेशन करून कुत्रं पुढे वर्षानुवर्षं जगतं.

चित्र चांगलं येणं मशीनपेक्षा हातावर जास्त असतं. म्हणून नुसती सोनोग्राफी करून द्या असं न म्हणता कशासाठी करतोय ते आधी बोलून घ्यावं, उलट्या आठ दिवसांपासून आहेत, लघवीत रक्त आहे, हीट दीड महिन्यापूर्वी होती, एवढं सांगितलं की डॉक्टर नेमकं तिथे जास्त वेळ देतो.

नागपुरात सोय आणि तयारी

सेमिनरी हिल्सवरचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं, आणि २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही नागपुरातच, त्यामुळे विदर्भातल्या कितीतरी पशुवैद्यकांचं शिक्षण याच शहरात झालेलं. पशुवैद्यकीय कॉलेजांमध्ये सोनोग्राफी, एक्स-रे हे शस्त्रक्रिया आणि क्षकिरणशास्त्र विभागाकडे असतं, गाभणपणाची तपासणी स्त्रीरोग आणि प्रसूतीवाल्यांकडे. खाजगीत काही डॉक्टर मशीन स्वतःकडे ठेवतात, काही पोर्टेबल मशीनवाल्या डॉक्टरांना ठरलेल्या दिवशी बोलावतात, म्हणून फोन करून जावं.

पोटाच्या सोनोग्राफीआधी ८ ते १२ तास खाणं बंद, पाणी चालतं. एक पोळी दिली तर काय होते असं म्हणून लोक देतात आणि मग जठर भरलेलं, गॅस भरलेला, मागचं काही दिसत नाही. लहान पिल्लं आणि डायबिटीसचं जनावर यांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवू नये, डॉक्टरला विचारूनच ठरवा. लघवीची पिशवी भरलेली पाहिजे, म्हणून निघताना गेटजवळच्या खांबाशी नेऊ नका, आणि दवाखान्यात पोचल्यावरही तपासणी होईपर्यंत पट्टा आखूड धरा. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) तर अपॉइंटमेंट सकाळीच घ्यावी, कारण उन्हात धापा टाकणारं कुत्रं हवा गिळतं, ती हवा पोटात जाते आणि चित्र खराब करते, शिवाय उष्माघाताची भीती वेगळीच.

बहुतेकांना भूल लागत नाही. मऊ व्ही आकाराच्या गादीत उताणं धरतात, डोक्याजवळ घरचं माणूस उभं राहिलं आणि कानामागे खाजवत राहिलं तर पुष्कळ कुत्री पंधरा-वीस मिनिटांत शांत पडून राहतात. मांजरासाठी जुना टॉवेल घरूनच न्या, ओळखीचा वास लागतो त्यांना. काढलेले केस एक ते तीन महिन्यांत परत येतात, पॉमेरेनियन आणि स्पिट्झसारख्या दाट केसांच्या कुत्र्यांमध्ये कधी जास्त वेळ घेतात. उघड्या पडलेल्या पोटाला तोपर्यंत तापलेल्या फरशीपासून जपावं.