पेशंटच्या घरातली गोष्ट बाहेर जाऊ नये, हा नियम आला कुठून

मागच्या महिन्यात ठाण्यात घोडबंदर रोडला एका घरी नवीन केस लावायला, म्हणजे पेशंटची काळजी घेणारी मावशी ठरवून द्यायला गेले होते. आजी ८१ वर्षांच्या, पॅरालिसिसने डावी बाजू गेलेली, मुलगा सिंगापूरहून आठ दिवसांची सुट्टी काढून आलेला. मावशी ठरली, ड्युटीची वेळ ठरली, पैसे ठरले आणि मी पेशंटची माहिती वापरायच्या संमतीचा फॉर्म पुढे केला तर तो म्हणाला, ताई हे कशाला, बाबांच्या वेळी पण मावशी होत्या, तेव्हा कुणी एक कागद मागितला नव्हता. चिडून नव्हे, अगदी साधेपणाने विचारलं त्याने. मी घाईत "आता कायदा आलाय" एवढंच सांगून सही घेतली, पण ते उत्तर अर्धवट होतं आणि घरी येईपर्यंत डोक्यात तेच फिरत होतं, म्हणून जरा मागून सगळं लिहितेय.

कायदा अलीकडचा आहे, नियम मात्र खूप जुना. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात गुरू शिष्याला वैद्यकी सुरू करण्याआधी काय काय सांगतो ते आलंय, आणि त्यातला एक भाग तर थेट आमच्या कामावरच आहे, म्हणजे पेशंटच्या घरी जायचं कसं. ओळखीच्या आणि परवानगी असलेल्या माणसाबरोबरच आत जा, नीट कपडे घालून जा, मान खाली ठेव, आत गेल्यावर बोलणं, मन, लक्ष सगळं पेशंटवरच असू दे, आणि आजारी माणसाच्या घरात जे चाललंय ते बाहेर सांगू नकोस. पुढे असंही आहे की याचं आयुष्य थोडं उरलंय हे तुला कळलं तरी जिथे ते बोलल्याने पेशंटला किंवा दुसऱ्या कुणाला धक्का बसेल तिथे बोलू नकोस. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण नवीन मावशीला पहिल्या दिवशी आम्ही जे सांगतो ते जवळपास हेच.

एक बारकावा मात्र त्यात आहे. तिथे शब्द आहे आतुरकुल, म्हणजे आजारी माणसाचं कुटुंब, गुपित घराचं. नर्सेसची जी शपथ आहे, आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांत हातात दिवा घेऊन मुली म्हणतात ती, ती १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली, नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं दिलं, आणि त्यातही पेशंटच्या खाजगी गोष्टींसोबत कुटुंबाच्या गोष्टी गुप्त ठेवीन असं वचन आहे. म्हणजे तिकडे काय इकडे काय, घराची अब्रू झाकणं हाच मुख्य विचार होता. पेशंट स्वतः त्या घरात एक वेगळं माणूस आहे, त्याला घरातल्यांपासूनही काही झाकून ठेवायचं असेल, हा विचार पुढे आला आणि फार उशिरा आला.

महाराष्ट्रात या विषयाची एक कडू आठवण आहे ती प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकेशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि १८९७ च्या सुरुवातीला सरकारने साथरोग कायदा आणला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर झडत्या घ्यायला लागले, माजघरात, देवघरात शिरायचे, बायकांची तपासणी, आजारी माणूस सापडला की उचलून नेणार. लोक पेशंट लपवायला लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास शाळेत आपण सगळे शिकलो, पण मला त्यातली लोक पेशंट लपवायला लागले ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. घरात शिरणाऱ्यावर विश्वास नसला की माणूस आजार लपवतो. आजही लपवतो, मुलाचं लग्न ठरेपर्यंत आईची फिट सांगत नाहीत, टीबी असला तर मावशीला साधा खोकला म्हणून सांगतात आणि मग ती बिचारी मास्क न लावता महिनाभर काम करते.

आणि तोच १८९७ चा कायदा २०२० मध्ये परत काढला गेला. मार्च महिन्यात आपल्याकडे होम क्वारंटाईनचे शिक्के लोकांच्या डाव्या हातावर मारले, सोसायट्यांच्या ग्रुपवर पॉझिटिव्ह लोकांची नावं फ्लॅट नंबरसकट फिरली. त्या वर्षी आमच्या दोन मावश्यांना ठाण्यात एका बिल्डिंगमध्ये गेटवरून परत पाठवलं होतं, का तर त्या आधीच्या आठवड्यात कुठल्या घरी होत्या ते वॉचमनला कुणाकडून तरी कळलं होतं. दोघींची टेस्ट निगेटिव्ह होती.

मधला काळ मोठा आहे पण सांगण्यासारखं त्यात कमी, कारण कागदच नव्हते. नौपाड्यात, चरईत, जांभळी नाक्याला फॅमिली डॉक्टर होते, ते घरी यायचे, तीन पिढ्यांचं सगळं त्यांच्या डोक्यात असायचं आणि त्यांच्याबरोबरच जायचं. सेवा घरातली सून करायची, नाहीतर लेक यायची माहेरी. मग शहर बदललं. १९७० मध्ये सिडको आली आणि खाडीपलीकडे नवीन शहर उभं राहायला लागलं, ठाण्याची महानगरपालिका १९८२ ची, नवी मुंबईची १९९२ पासून. वाशी-नेरूळला आणि इकडे घोडबंदरला टू बीएचके झाले, सुना नोकरीला लागल्या, मुलं आधी पवईला मग पुण्याला मग परदेशी गेली, आणि आजारी माणसाजवळ बसायला घरात कुणी उरलं नाही. तिथून ब्युरो आले. नर्सिंग ब्युरो, आया ब्युरो, पेशंट केअर, नावं काहीही, काम एकच, बारा तास किंवा चोवीस तास माणूस पुरवायचं. दिवा, कळवा, मुंब्रा, दिघा इथून पहाटेची लोकल पकडून बायका यायला लागल्या, आणि पहिल्यांदाच असं झालं की आजारी माणसाच्या सगळ्यात जवळ बसणारी व्यक्ती घरातलीही नाही आणि डॉक्टरही नाही. नर्स असेल तर तिची कौन्सिलकडे नोंदणी असते, डॉक्टर असेल तर २००२ चे मेडिकल कौन्सिलचे आचारसंहितेचे नियम आहेत, त्यात गुप्तता आहे, रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं आहे, मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं आहे. मावशीने कुठलीच शपथ घेतलेली नसते, आणि जखम ती पुसते, रात्री दोनला पेशंट काय बडबडला ते ती ऐकते, कपाटाची किल्ली कुठे असते ते तिला माहीत असतं.

मी ज्या ब्युरोत पहिल्यांदा कामाला लागले तिथे एक लांब वही होती, टेबलावर उघडीच असायची, येणारा जाणारा कुणीही चाळायचा. त्यातली एक ओळ मला अजून पाठ आहे, "१२ तास, शुगर, दिसत नाही, एकट्या राहतात, किल्ली वॉचमनकडे", पुढे पूर्ण पत्ता. लिहिणारीचा हेतू एकच, नवीन मावशीला घर पटकन सापडावं. पण ती ओळ चोराच्या हातात पडली असती तर त्याला दुसरं काही विचारायलाच लागलं नसतं. माझ्यासाठी प्रायव्हसी म्हणजे ती ओळ आहे, तिथून मी या विषयात शिरले.

कोर्टातला प्रवास थोडक्यात सांगते. १९५४ मध्ये आणि मग १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या मोठ्या खंडपीठांनी घटनेत प्रायव्हसीचा असा वेगळा हक्क नाही असं म्हटलं होतं, १९७५ पासून छोट्या खंडपीठांनी हळूहळू तो मान्य करायला सुरुवात केली. १९९८ ची एक केस आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असायला हवी, एका माणसाचं रक्त तपासताना एचआयव्ही निघाला, हॉस्पिटलमधून ते बाहेर गेलं, त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, तो कोर्टात गेला, आणि कोर्ट म्हणालं की गुप्तता पाळणं हे कर्तव्य आहेच पण होणाऱ्या बायकोच्या जिवाला धोका असेल तर ते शेवटचं नाही. बरोबर की चूक यावर आजही वाद होतात. मला त्यातून एवढं कळलं की कुणाला, किती आणि कशासाठी सांगायचं हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं, बोलू नका एवढं सांगून भागत नाही. मग २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायाधीशांचं खंडपीठ, पुट्टस्वामी केस, आणि एकमताने निकाल की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. कर्नाटक हायकोर्टातून रिटायर झालेले न्यायमूर्ती ऐंशीच्या पुढच्या वयात आधारच्या विरोधात गेले होते आणि त्यांच्या नावाने हा निकाल ओळखला जातो. आमच्या बहुतेक पेशंटच्या वयाचा माणूस, याचं मला खूप कौतुक वाटतं. इथे पहिल्यांदा गुपित कुटुंबाचं न राहता त्या एका माणसाचं झालं.

संसदेतलं काम त्यामानाने रखडत झालं. २००० चा आयटी कायदा, त्याखाली २०११ चे नियम, ज्यात तब्येत आणि मेडिकल रेकॉर्ड ही संवेदनशील माहिती आहे असं स्पष्ट लिहिलं होतं, पण कुठल्याही ब्युरोत ते नियम मी कधी पाहिले नाहीत. २०१७ मध्ये मानसिक आरोग्याचा आणि एचआयव्हीचा असे दोन कायदे आले, दोन्हीत गुप्ततेची वेगळी कलमं आहेत आणि ती चांगली आहेत. २०१८ मध्ये फक्त आरोग्याच्या डेटासाठी एक मसुदा निघाला आणि तिथेच थांबला. डेटा संरक्षणासाठी नेमलेल्या श्रीकृष्ण समितीचा रिपोर्टही २०१८ चाच, त्यावरचं बिल २०१९ मध्ये आलं, २०२२ मध्ये मागे घेतलं, आणि शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि त्यातली मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. माहिती सांभाळण्यात हलगर्जी झाली तर २५० कोटीपर्यंत दंड आहे. संमतीची नोटीस मराठीत मागता येते, घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत, ही मला यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते, कारण आजवर मी पाहिलेले फॉर्म इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात होते, मोतीबिंदूवाल्या माणसाने ते वाचावेत ही अपेक्षाच नव्हती. आपल्यानंतर किंवा आपलं भान गेल्यावर हे हक्क कुणी वापरायचे ते नाव देता येतं, हेही चांगलं. इमर्जन्सीत जीव वाचवायला संमतीसाठी थांबायची गरज नाही.

दोन गोष्टी मात्र मला खटकतात. २०११ मध्ये तब्येतीची माहिती वेगळी, जास्त जपायची मानली होती, २०२३ च्या कायद्यात तो वेगळा वर्गच नाही, म्हणजे तुमचा मोबाईल नंबर आणि तुमचा बेडसोअर, म्हणजे पडून पडून झालेली जखम, एकाच रांगेत. आणि दुसरं, कायदा डिजिटल माहितीला लागू आहे, किंवा कागदावरून नंतर कम्प्युटरवर चढवलेल्या माहितीला. ती टेबलावरची लांब वही, पेशंटच्या उशाशी असलेला चार्ट, लोकलमध्ये डब्यात बसून दोन मावश्या बोलतात ते, यातलं काहीच त्यात येत नाही. घरच्या माणसाने घरगुती कामासाठी वापरलेली माहितीही बाहेर. आमच्याकडे गोष्टी फुटतात त्या बहुतेक याच वाटांनी. ऐरोली, रबाळे, महापेला मोठमोठी डेटा सेंटर आहेत, काटेकोर सिक्युरिटी, आत शिरायला बोटाचे ठसे, आणि त्याच रस्त्याने आमची मावशी रिक्षातून जाते तेव्हा तिच्या साध्या फोनच्या गॅलरीत पेशंटच्या पाठीच्या जखमेचे फोटो असतात.

असा एक फोटो आमच्या माहितीतल्या एका केसमध्ये चुकीच्या ग्रुपवर गेला होता. डॉक्टरला पाठवायचा, गेला सोसायटीच्या ग्रुपवर, चेहरा दिसत होता. दोन मिनिटांत डिलीट केला, पण त्या काकूंनी त्यानंतर खाली बागेत व्हीलचेअरवर जाणं बंद केलं ते कायमचं. तेव्हापासून आम्ही फोटो ऑफिसच्या फोनवरूनच काढतो, आजूबाजूला पांढरी चादर, फक्त जखम, डॉक्टरला गेला की फोनमधून काढायचा. केसला नंबर असतो, ग्रुपवर नाव येत नाही. गेटच्या ॲपवर मावशी "केअरटेकर" एवढंच सांगते, कुणाकडे कुठला आजार ते वॉचमनला सांगायचं नाही. आणि मावशीचीही माहिती आहे हे विसरू नका हो, तिच्या आधारची झेरॉक्स गेटवर कुठल्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते कुणाला माहीत नसतं, ज्या खोलीत ती कपडे बदलते तिथे कॅमेरा असतो आणि तिला कुणी सांगितलेलं नसतं. तिचीही सही आम्ही घेतो, कॅमेरा कुठे आहे ते दाखवून.

तर घोडबंदरच्या त्या घरी मुलाची सही झाल्यावर मी आजींच्या पलंगाजवळ बसले आणि मराठीत एकेक ओळ वाचून दाखवली. बोलणं जड झालंय पण समजतं सगळं. शुगर, बीपी मुलाला रोज कळवा, चालेल म्हणाल्या. फोटो डॉक्टरला, चालेल. मग त्यांनी उजव्या हाताने भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं, मुलाने सिंगापूरहून बघायला लावलेला, आणि अंघोळीची खूण केली. मुलगा एकदम गप्प झाला, म्हणाला आई, मला सुचलंच नाही गं. चार्टवर आता रोज लिहिलेलं असतं, सकाळी आठ ते नऊ कॅमेऱ्याचा प्लग काढला, नऊला लावला, आणि खाली मावशीची सही.