नोड ‘एकाच थ्रेडवर’ चालतं? अर्धंच खरं

रायन डालने २००९ मध्ये नोड-जेएस (ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) आणलं, तेव्हापासून एक वाक्य त्याला चिकटलंय: ‘नोड सिंगल-थ्रेडेड आहे’, म्हणजे सगळं काम एकाच थ्रेडवर, एकामागून एक सूचना चालवणाऱ्या एकाच धाग्यावर, करतं. मुलाखतीला लोक हेच घोकून येतात. खरं तर एका थ्रेडवर चालतं ते तुमचं जावास्क्रिप्ट. खाली लिबयूव्ही ही सी भाषेतली लायब्ररी असते आणि तिच्याकडे, सेटिंग बदललं नसेल तर, ४ थ्रेडचा पूल (कामासाठी तयार थ्रेडचा गट) असतो. फाइल वाचणं, पासवर्ड हॅश करणं (परत उलगडता न येणाऱ्या रूपात बदलणं) ही कामं तिथे जातात. नेटवर्कचं तसं नाही. सॉकेटवर (नेटवर्क जोडणीच्या टोकावर) नजर ठेवायला लिनक्समधली ईपोल ही सोय पुरते, म्हणून हजारो कनेक्शन आली तरी थ्रेड वाढत नाहीत.

पडताळायचंय? चार कोअरच्या मशीनवर पीबीकेडीएफ-२ (पासवर्ड हॅश करायची एक पद्धत) हॅश असिंक, म्हणजे निकालासाठी थांबून न राहता, एकदम पाच वेळा मागवा. चार जवळपास एकत्र संपतात. पाचवा बिचारा रांगेत, साधारण दुप्पट वेळाने उगवतो.

उलट, फंक्शनपुढे ‘असिंक’ लिहून आत भलंमोठं फॉर लूप फिरवलंत, तर काहीही पूलमध्ये जात नाही. लूप संपेपर्यंत बाकीच्या रिक्वेस्ट ताटकळतात (आणि शिव्या खातो डेटाबेस!). अशा कामाला वर्कर थ्रेड (जावास्क्रिप्टच चालवणारे वेगळे थ्रेड) आहेत. नोडच्या १२व्या आवृत्तीत ते स्थिर झाले.